नावडत्या डब्यांचं कपाट

कपाट भरायचं ठरवलं तेव्हा मी घरात कुणालाही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? बस आगाराच्या स्पेअर पार्टच्या स्टोअरची मी प्रमुख. ब्रेकच्या पट्ट्यांपासून आरशाच्या स्क्रूपर्यंत सगळं माझ्या ताब्यात. मेकॅनिक मंडळी मला पाठीमागे कुलूपबाई म्हणतात. पाठीमागे म्हणजे अगदी माझ्या पाठीमागेच उभं राहून, मला ऐकू जाईल अशा बेतानं. मला त्याचं वाईट वाटत नाही, खरं सांगायचं तर बरंच वाटतं. अशा बाईनं घरातलं एक कपाट भरायला चारचौघांचा सल्ला घ्यायचा म्हणजे हद्दच झाली!

निमित्त होतं आदल्या वर्षीच्या वादळाचं. वीज गेली, रस्ते बंद झाले, दुकानं उघडेनात, आणि आख्खं घर जॅमच्या बाटलीत चमचे बुडवून बसलं होतं. इतरांचं सोडा, पण जी बाई आख्ख्या आगाराच्या बसगाड्या चालत्या ठेवते तिच्या घरात पाव नसावा? मी तेव्हाच मनाशी म्हटलं, पुढच्या वादळाला माझं घर दाखवेन.

न्हाणीघराच्या शेजारी आमची एक चिंचोळी खोली आहे. इस्त्रीचं टेबल, जुने बूट आणि बूट घालायला बसायचं एक स्टूल, एवढंच त्यात मावतं. तिथल्या भिंतीतलं कपाट मी रिकामं केलं, पुसलं, फळ्यांवर कागद अंथरले. आता प्रश्न होता, ठेवायचं काय.

लोक काय करतात? टिकाऊ बघतात, पोटभरीचं बघतात. मी म्हटलं, हे झालं नवशिक्यांचं. स्टोअरमध्ये एवढी वर्षं काढल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली आहे. वस्तू खराब होऊन संपत नाही, वस्तू पाय फुटून संपते. टॉर्चच्या बॅटऱ्या, चिकटपट्टी, हातमोजे, म्हणजे जे जे घरी उपयोगी पडतं, ते माझ्या डोळ्यांदेखत गायब होतं. आणि मागच्या चाकाचं बेअरिंग? ते तसंच्या तसं असतं, कारण घरी नेऊन माणूस त्याचं करणार काय? म्हणून माझा नियम सोपा होता: घरात कुणालाच आवडणार नाही असंच खाणं साठवायचं. आवडीचं ठेवलं तर वादळ यायच्या आत मुलगीच वादळ होऊन सगळं फस्त करणार. कपाटाला कुलूप लावलं तर ऐन अंधारात किल्ली सापडणार नाही. त्यापेक्षा तिटकारा हेच कुलूप. हा विचार सुचला त्या दिवशी मी स्वतःवर एवढी खूश होते की आगारातल्या दोघांना आपणहून हातमोजे दिले.

मग मी चाचणी घेतली. बाजारातून नाना तऱ्हेचे डबे आणि पाकिटं आणली आणि रविवारी सगळ्यांना टेबलाशी बसवलं. प्रत्येकाला एकेक चमचा. ज्याला सगळ्यात जास्त नाकं मुरडली जातील तो पदार्थ पास.

"आई, हे काय आहे? ओल्या मोज्यासारखं लागतंय," मुलगी म्हणाली. कॉलेजात जाते, जीभ माझ्यावर गेली आहे.

"छान!" मी म्हटलं. डबाबंद मसूर पास.

नवरा चष्म्याच्या दुकानात बसतो, स्वभावानं गरीब. टोमॅटोच्या रसातल्या माशांचा डबा उघडल्याबरोबर तो उठून खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, "मला मळमळतंय गं." मासे पास. आटवलेलं गोड दूध मुलीनं बोटानं चाटूनपुसून खाल्लं, ते तिथल्या तिथे नापास. पीचच्या गोड फोडी नवऱ्याला आवडल्या, त्याही नापास. बिनमिठाचे वाटाणे पास, ओट्स पास, दगडासारखी कडक बिस्किटं तर शंभर टक्के गुण मिळवून पास.

राहिले माझे सासरे, बाबा. त्यांनी प्रत्येक चमचा ओठांना लावला, खाली ठेवला आणि "नको" म्हणाले. सगळ्यालाच नको. मला काय, माझं काम सोपं झालं.

बाबांचं हे 'नको' तसं नवं नव्हतं, आणि खरी काळजी तीच होती. आयुष्यभर त्यांनी नाक्यावरचा वजनकाटा सांभाळला. मालानं भरलेले ट्रक काट्यावर घ्यायचे, आकडा सांगायचा, पुढे जाऊ द्यायचे. जास्त भरलेल्या ट्रकवाल्याशी मोठ्यामोठ्यानं भांडणारा हा माणूस सासूबाई गेल्यापासून वाळत चालला होता. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल लोंबायची. डॉक्टरीणबाईंनी त्यांना काट्यावर उभं केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणखी वजन उतरलं तर मला त्यांना इथे ठेवून घ्यावं लागेल. नाकातून नळी घालून भरवावं लागेल."

बाबांचा हात आपोआप नाकाकडे गेला. सासूबाईंना शेवटी तीच नळी होती. घरी आल्यावर दारात चपला काढताना ते म्हणाले, "सूनबाई, नळी नको हं. काहीही कर, पण ती नको."

काहीही कर, असं कुलूपबाईला सांगू नये. कुलूपबाई करते.

दुसऱ्या दिवसापासून मी जेवताना त्यांच्या बरोब्बर समोर बसायला लागले. हनुवटी तळहातावर, डोळे त्यांच्या ताटावर. "बाबा, बटाटा राहिला. बाबा, भाताला हात लावला नाहीत. बाबा, गिळा आता, किती वेळ चावताय?" माझी दुपारची पाळी असली की ही जबाबदारी नवऱ्यावर, तो नसला की मुलीवर. तिघंही घरी असलो म्हणजे विचारूच नका. एका म्हाताऱ्याच्या एका घासावर सहा डोळे, त्यातले दोन चष्म्याआडून. बाबा तो घास या गालातून त्या गालात फिरवत बसायचे आणि शेवटी पाण्याबरोबर ढकलायचे. मग ताट बाजूला सारून म्हणायचे, "झालं माझं."

"आई, तू जेवायला वाढत नाहीस, तू स्टॉक तपासतेस," मुलगी एकदा म्हणाली.

"तुझे आजोबा आहेत ते, बेअरिंग नाहीत. मला कळतं," मी तिच्यावर डाफरले. काय कळत होतं ते पुढे येईलच.

गंमत म्हणजे पुढच्या खेपेला बाबांचं वजन उतरलं नव्हतं. त्याच्या पुढच्या खेपेला तर थोडं चढलं. डॉक्टरीणबाईंनी भुवया उंचावल्या. "काय केलंत तरी काय?"

"लक्ष ठेवलं," मी म्हटलं. अशा थाटात म्हटलं, की मागे कुणीतरी बँड वाजवायला हवा होता.

मग काय, मला आकाश ठेंगणं झालं. आगारात सांगितलं, बसच्या थांब्यावर सांगितलं, शेजारच्या शिंपीणताईंना तर तीनतीनदा सांगितलं. त्या बिचाऱ्या तोंडात टाचण्या धरून कापड मापत होत्या, त्यांना उठून जाता येईना. "माणसाच्या ताटावर नजर हवी," मी म्हटलं. "नजर असली की सगळं जागच्या जागी राहतं. आमचं कपाट बघा. एवढे महिने झाले, एक डबा हलला नाही. आणि वादळ आलंच तर सरळ आमच्याकडे या हं, तुमच्यासकट आम्हाला पुरेल एवढं आहे." टाचण्या तोंडात असल्यामुळे त्या नुसत्या "हुं" म्हणाल्या.

एक डबा हलला नाही, हे मी कशावरून म्हणत होते? दर रविवारी चहाचा कप हातात घेऊन मी त्या चिंचोळ्या खोलीत जायचे, कपाट उघडायचे आणि बघायचे. डब्यांवर डबे, लेबलं सगळी एका रेषेत, बघूनच छाती भरून यायची. चहा संपला की कपाट बंद. आणि हीच मी आगारात पोरांच्या अंगावर ओरडते, "डोळ्यांनी मोजू नका रे, उचलून मोजा! खोकं दिसतंय म्हणजे माल आहे असं होत नाही!"

मग एकदाचं वादळ आलं. सांगून-सवरून आलं, रेडिओवर दोन दिवस इशारे चालू होते. आगार बंद ठेवलं, दुकान बंद ठेवलं, खिडक्यांना बाहेरून फळ्या ठोकल्या. सकाळी वीज गेली. त्यानंतर कोपऱ्यावरचं झाड रस्त्यावर आडवं झाल्याचा आवाज आला आणि घर भरदुपारी अंधारकोठडी होऊन बसलं. खोटं कशाला बोलू, मला आतून उकळ्या फुटत होत्या. इतके महिने ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस!

एवढ्यात दार धडधडलं. शिंपीणताई, डोक्यावरून ओढणी घट्ट बांधलेली, शिलाईमशीन चादरीत गुंडाळून पोटाशी धरलेलं. त्यांच्या छपराचे पत्रे उडाले होते. "वहिनी, तुम्ही या म्हणाला होतात," त्या दारातच म्हणाल्या. थंडीनं की भीतीनं, पण त्यांचे दात वाजत होते.

"या, या! अहो, त्यासाठीच तर आहे सगळं," मी म्हटलं. त्यांना टॉवेल दिला, मशीन कोपऱ्यात ठेवलं आणि मेणबत्ती घेऊन सगळ्यांना त्या चिंचोळ्या खोलीपाशी घेऊन गेले. गरज नव्हती. मी एकटीनं जाऊन चार डबे आणले असते तरी चाललं असतं. पण नाही, मला सोहळा हवा होता. नवऱ्याच्या हातात मेणबत्ती दिली, मुलीला परात धरायला लावलं, शिंपीणताईंना नीट दिसेल अशा जागी उभं केलं. बाबा मागे होते, त्यांना मी पाहिलंसुद्धा नाही.

"आता बघा," मी म्हटलं आणि कपाट उघडलं.

वरचा डबा उचलला. चांगला जड. परातीत ठेवला. त्याच्या खालचा उचलायला हात घातला, जडच असणार म्हणून जोर लावला, आणि हात जो वर गेला तो थेट वरच्या फळीवर आदळला. डबा नव्हताच तो, डब्याचं कातडं होतं. त्या धक्क्यानं शेजारची रास हलली, तिनं तिच्या शेजारच्या राशीला ढकललं, आणि मग मसूर, वाटाणे, मासे सगळे माझ्या डोक्यावरून, खांद्यावरून खणखणत खाली. वरचे दोनचार जड डबे बाजूला धप्पकन पडले, पण अंगावर आले त्यांनी लागलं काहीच नाही. रिकाम्या डब्यांनी काय लागणार?

मी खाली बसून एकेक उचलून बघायला लागले. सगळे रिकामे, आतून स्वच्छ धुतलेले, पुसलेले. रास अशी रचलेली की प्रत्येकाचं उघडं तोंड वरच्या डब्यानं झाकलं जावं. भरलेली होती ती फक्त सगळ्यात वरची ओळ. असल्या युक्त्या मी स्टोअरमध्ये कित्येकदा पकडल्या आहेत आणि पकडल्यावर माणसाला सोडलेलं नाही.

"कोणी केलं हे?" माझा आवाज बाहेरच्या वाऱ्यावर चढला. "सांगा! या घरात चोर कोण आहे?"

"आई, मसूर? मी? शुद्धीवर आहेस ना?" मुलगी म्हणाली.

"मला तर वासानंच..." नवऱ्यानं मोकळ्या हातानं नाक दाबून धरलं. आणि सांगायला लाज वाटते, पण माझी नजर शिंपीणताईंवरही गेली. त्या छताकडे बघत होत्या, भल्या बाईसारख्या.

"मी खाल्लं," मागून आवाज आला.

बाबा इस्त्रीच्या टेबलाला धरून उभे होते. शाळेत छडी खायला पुढे आलेल्या पोरासारखा त्यांचा एक हात थोडा पुढे झाला होता.

मला आधी खरंच वाटेना. "तुम्ही? बाबा, काहीतरीच काय? तुम्ही तर चाखूनसुद्धा बघितलं नव्हतंत. सगळ्याला नको म्हणाला होतात!"

"तेव्हा सगळे बघत होतात," बाबा म्हणाले.

बाहेर काहीतरी पत्र्यासारखं घरंगळत गेलं.

"तुम्ही आपापल्या उद्योगाला गेलात की इथे येऊन बसायचो," ते म्हणाले. "या स्टुलावर. दार ओढून घ्यायचं, डबा उघडायचा, चमच्यानं खायचं. मसूर बरे लागतात गं, मऊ असतात. इथे कोणी बघत नाही. घास आपला आपण खाली जातो." पुढे म्हणाले, "टेबलाशी बसलो की तुम्ही सगळे माझ्या घशाकडे बघता. मग मला ती नळी दिसते. तिला नळीतून भरवायचे तेव्हा आपण असेच सगळे भोवती बसून बघायचो की नाही? ती डोळे मिटून घ्यायची. मला तेव्हा वाटायचं तिला झोप येतेय."

नवऱ्यानं मान खाली घातली. मुलीनं परात खाली ठेवली.

"डबे धुऊन ठेवले मी, मुंग्या होऊ नयेत म्हणून," बाबा घाईघाईनं म्हणाले. "भरून देणार होतो गं. पण एकट्यानं बाजारात जायला तू सोडत नाहीस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर बसून, डोळे वटारून, बटाट्याचा हिशेब विचारून मी त्या माणसाच्या तोंडचा घास काढून घेत होते. आणि त्याला जगवलं कुणी, तर कुणी खाऊ नये म्हणून मी निवडलेल्या त्या मसुरांनी. वर डॉक्टरीणबाईंपुढे कॉलर ताठ करून आले होते, लक्ष ठेवलं म्हणून! त्या डब्यांच्या ढिगात बसल्या-बसल्या मला हसू फुटलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच, आणि नाक पुसायला हाताशी काही नव्हतं. शिंपीणताईंनी मी दिलेला टॉवेल मलाच परत दिला.

"बाबा, चुकलं माझं," मी म्हटलं. आगारात हे वाक्य माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. "चोर म्हणाले त्याबद्दल, आणि बाकीच्याबद्दलही."

"असू दे, असू दे," ते म्हणाले. "भूक लागलीय का सगळ्यांना?"

लागली होती. उरलं काय होतं? वरच्या ओळीतले डबे बाजूला ठेवले, कारण वादळ आजच्या आज थांबेल अशी चिन्हं नव्हती आणि मऊ खाणं बाबांना लागणार होतं. कडक बिस्किटं होती, ती बाबांच्या कवळीला झेपली नसती म्हणूनच वाचली होती. आणि ओट्स होते. लहान शेगडीवर पातेलं ठेवलं, पाणी बेतानं घातलं, मिठाची चिमूट टाकली आणि ढवळत बसले. पाच वाडग्यांत थोडं थोडं आलं. माझ्या वाडग्यात मी सगळ्यात शेवटी पातेलं खरवडलं.

टेबलाभोवती बसलो. नेहमीची जागा, बाबांच्या बरोब्बर समोर. मधोमध मेणबत्ती. तिच्या उजेडात बाबांचा वाडगा मला स्वच्छ दिसत होता, आणि काय सांगू, सवय मेली जाता जात नाही. माझे डोळे तिकडे गेलेच. बाबांनी चमचा भरला, उचलला आणि माझ्याकडे बघून पुन्हा वाडग्यात ठेवला.

मी पुढे वाकले आणि मेणबत्ती फुंकली.

"आई!" मुलगी ओरडली.

"मेणबत्त्या जपून वापरायच्या असतात संकटात," मी म्हटलं.

"अगं, खोकंभर आहेत!"

"तुला काय करायचंय? जेव गपचूप."

मिट्ट काळोख. बाहेरही एव्हाना रात्र झाली होती, फळ्यांच्या फटींतूनसुद्धा काही येत नव्हतं. थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग शिंपीणताईंचा चमचा वाजला, मग मुलीचा, मग नवऱ्याचा, "अगदीच काही वाईट नाही," असं पुटपुटून. आणि मग समोरून एक चमचा वाजला. जरा वेळानं परत वाजला. किती वेळा, ते मोजायचा मोह मला एवढा झाला की मी जीभ दातांखाली धरली. नंतर वाडग्याच्या तळाला चमचा घासल्याचा आवाज आला.

"अजून आहे का गं थोडं?" बाबांनी विचारलं.

एवढ्या महिन्यांत हे वाक्य त्यांनी या टेबलाशी उच्चारलं नव्हतं. पातेलं रिकामं होतं. मी माझा वाडगा टेबलावरून पुढे सरकवला, त्यांची बोटं चाचपत आली, त्याच्या कडेला लागली.

"हे तुझं तर नाही?"

"माझं झालं केव्हाच."

चमचा वाडग्यात पडला आणि थांबला.

"बघत नाहीयेस ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही बाबा," मी म्हटलं, आणि त्या काळोखातही डोळे घट्ट मिटून घेतले.